सेन्सर बदलण्यापूर्वी

इंजिनभोवती फिरणारे पाणी किती तापले आहे, हे गाडीतल्या ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, थेट कळत नाही. त्याला कळतो तो एका तारेवरचा व्होल्टेज. व्होल्टेज जास्त असला की इंजिन थंड आहे असे तो धरतो, कमी असला की गरम आहे असे धरतो. मग त्या समजुतीवर पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, रेडिएटरचा फॅन कधी फिरवायचा, एसीचा कॉम्प्रेसर चालू ठेवायचा की तोडायचा, हे सारे ठरवतो. समजूत बरोबर असेल तर गाडी वर्षानुवर्षे तक्रार न करता चालते. समजूत चुकली तर इंजिनचा एकही भाग खराब नसताना गाडी आजारी पडते. ही समजूत का चुकते आणि चूक नेमकी कुठे आहे हे कसे शोधायचे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

विषय एवढासा वाटतो खरा. कुलंटच्या तापमानाचा सेन्सर अंगठ्याएवढा असतो. थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा सिलिंडर हेडवर तो आट्यांनी बसवलेला असतो, मागे कपलर आणि बहुतेक गाड्यांत दोन तारा. किंमतही इतर भागांच्या मानाने किरकोळ. त्यामुळेच गॅरेजमध्ये त्याच्याबद्दल ‘टाकून बघू’ हे दोन शब्द सर्रास ऐकू येतात. चेक लाइट लागला, स्कॅनरने तापमानाच्या सेन्सरचा कोड दाखवला, की नवा सेन्सर टाकायचा. लाइट पुन्हा लागला तर थर्मोस्टॅट बदलायचा. तरीही भागले नाही तर ईसीएमकडे बोट दाखवायचे. तोवर ग्राहकाच्या खिशातून काही हजार रुपये गेलेले असतात, गाडी चार दिवस उभी असते, आणि दोष जिथे होता तिथेच असतो: कपलरमधल्या एका हिरव्या पडलेल्या पिनेत किंवा इंजिनच्या पट्टीवर घासून सोललेल्या तारेत.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते. भाग बदलण्यापूर्वी सर्किट मोजा. बाकीची सगळी प्रकरणे म्हणजे या वाक्याचा विस्तार आहे.

कार्ब्युरेटरच्या काळात इंजिन थंड आहे की गरम, हे चालकाला ठरवावे लागे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी थंडीच्या सकाळी सुरू करायची तर चोक ओढायचा, सेल मारायचा, इंजिन जरा तापले की चोक हळूहळू आत ढकलायचा. चोक ओढलेला राहिला तर काळा धूर निघे, प्लग काळे पडत. घाईने आत ढकलला तर इंजिन बंद पडे. आज चोकची दांडी नाही, पण ते काम संपलेले नाही. ते काम या सेन्सरकडे आले आहे. ईसीएमला इंजिन कायम थंड दिसत राहिले, तर दिवसभर चोक ओढून गाडी चालवल्यासारखी तिची गत होते, आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो.

सेन्सरच्या आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. साध्या तांब्याच्या तारेत याच्या उलट होते. असा उलटा स्वभाव मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. बाजारात विकता येईल असा थर्मिस्टर मात्र १९३० मध्ये सॅम्युएल रूबेन यांनी घडवला. आजचे थर्मिस्टर मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडपासून बनतात. फोक्सवॅगनने १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन यंत्रणा आणली, तेव्हापासून इंजिनचे तापमान हा इंधनाच्या हिशोबाचा भाग झाला. आपल्याकडे ही गोष्ट रोजच्या गॅरेजपर्यंत पोहोचली ती उत्सर्जनाच्या नियमांमुळे. बीएस-४ हे निकष २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर धरून मोजक्या शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, आणि इंधन मोजून सोडणारा संगणक दुचाकीच्या सीटखालीही जाऊन बसला. तापमानाचे सर्किट समजणे ही आता मोठ्या वर्कशॉपची मक्तेदारी राहिलेली नाही. नाक्यावरच्या मेकॅनिकचीही ती गरज आहे.

आता सर्किटकडे वळू. ईसीएम आपल्या पोटातल्या ठरावीक रोधातून पाच व्होल्ट बाहेर सोडतो. ती तार सेन्सरपर्यंत जाते, थर्मिस्टरमधून पार होते आणि दुसऱ्या तारेने ईसीएमच्या अर्थवर परत येते. पाच व्होल्ट या दोन रोधांत वाटले जातात, आणि सेन्सरच्या वाट्याला आलेला व्होल्टेज ईसीएम वाचतो. सेन्सर थंड असला तर त्याचा रोध मोठा, म्हणून त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. गरम झाला की रोध लहान, व्होल्टेजही कमी.

आकडे घेऊन पाहू. अनेक गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ५० अंशांना सव्वाआठशेच्या आसपास, ८० अंशांना सुमारे ३२० आणि १०० अंशांना सुमारे १८५ ओहम असतो. हिशोबाच्या सोयीसाठी ईसीएममधला रोधही अडीच हजार ओहम धरू. मग २० अंशांना ईसीएमला अडीच व्होल्ट दिसतात आणि ८० अंशांना सुमारे ०.५७ व्होल्ट. तार तुटली तर पूर्ण पाच व्होल्ट दिसतात, ज्याचा अर्थ ईसीएम उणे ४० अंश असा लावतो. सिग्नलची तार बॉडीला टेकली तर व्होल्टेज शून्यावर येतो आणि स्कॅनरवर १३० किंवा १४० अंशांच्या घरातला आकडा दिसतो. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे, पण तत्त्व तेच.

पूर्ण तुटलेली तार आणि पूर्ण टेकलेली तार हे दोन दोष सोपे. ईसीएमच ते ओळखतो आणि कोड टाकतो. अवघड असतात ते अर्धवट दोष, आणि या पुस्तकाची सर्वांत जास्त पाने मी त्यांच्यावर खर्च केली आहेत.

समजा, कपलरमधली पिन गंजून सर्किटमध्ये ५०० ओहमचा जादा रोध शिरला आहे. सकाळी इंजिन थंड आहे, हवा २० अंश. सेन्सरचे २,५०० आणि गंजाचे ५०० मिळून ईसीएमला ३,००० ओहम दिसतात. त्याच्या हिशोबी तापमान १५ ते १६ अंश. चारपाच अंशांचा फरक कोणाच्या लक्षात येणार? स्कॅनर पाहून मेकॅनिक म्हणतो, सेन्सर बरोबर आहे. आता इंजिन ८० अंशांवर येऊ द्या. सेन्सरचे ३२० आणि गंजाचे तेच ५०० मिळून ८२० ओहम. ईसीएमला दिसतात ५० अंश! इंजिन तापत ११० अंशांवर गेले, तरी ईसीएमला साठाच्या आतलाच आकडा दिसत राहील. रेडिएटरचा फॅन ईसीएमच्या हुकमाची वाट पाहत थांबलेला असेल, आणि तो हुकूम कधीच सुटणार नाही. डॅशबोर्डवरचा काटा याच सेन्सरवर चालत असेल तर तोही चालकाला सगळे ठीक असल्याचेच सांगेल. हेड गॅस्केट उडेपर्यंत घाटात कोणालाही शंका येणार नाही. गंज तोच, रोध तोच, पण थंडीत त्याची चूक पाच अंशांची आणि गरमीत पन्नास अंशांची.

आता उलटा दोष घ्या. कपलरमध्ये पाणी शिरले आहे किंवा दोन तारांची आवरणे घासून त्यांच्यामध्ये गळती सुरू झाली आहे. ही गळती १,००० ओहमची धरू. ती सेन्सरला समांतर असते, म्हणजे प्रवाहाला दुसरी वाट मिळते आणि एकूण रोध कमी दिसतो. २० अंशांना सेन्सरचे २,५०० आणि गळतीचे १,००० मिळून ईसीएमला सुमारे ७१५ ओहम दिसतात. म्हणजे थंडगार इंजिन त्याला ५५ अंशांचे वाटते. तो थंड इंजिनला लागणारे जादा पेट्रोल सोडतच नाही. चालक सेल मारून मारून बॅटरी उतरवतो. कशीबशी गाडी सुरू होते, इंजिन ८० अंशांवर येते, आणि तिथे ही गळती ईसीएमला ९० अंश दाखवते. फरक दहाच अंशांचा. गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ती छान चालत असते, आणि मेकॅनिक म्हणतो, मला तर काही दोष दिसत नाही.

हा हिशोब एकदा मनात बसला की ग्राहकाच्या तक्रारीकडे पाहण्याची नजर बदलते. वाटेतला जादा रोध इंजिनला असते त्यापेक्षा थंड दाखवतो, आणि त्याची चूक इंजिन गरम असताना मोठी होते. गळती इंजिनला असते त्यापेक्षा गरम दाखवते, आणि तिची चूक इंजिन थंड असताना मोठी होते. म्हणून ‘काय होते’ याच्या जोडीला ‘कधी होते’ हे विचारलेच पाहिजे. सकाळी स्टार्टिंगचा त्रास आणि नंतर ठीक, की सकाळी ठीक आणि गरम झाल्यावर काळा धूर, रेस जास्त, अॅव्हरेज कमी? पाऊस पडला की त्रास होतो का? गाडी धुतल्यावर सुरू झाला का? बॉनेट उघडण्याआधीच्या या प्रश्नांनी अर्धा शोध पुरा होतो.

कोडविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पी०११७ म्हणजे या सर्किटचा सिग्नल फार खाली आहे, पी०११८ म्हणजे तो फार वर आहे. पी०११६ म्हणजे आकडा मर्यादेत आहे पण परिस्थितीशी जुळत नाही, आणि पी०११९ म्हणजे सिग्नल अधूनमधून तुटतो. यातला एकही कोड सेन्सर बदला असे सांगत नाही. सगळे सर्किटबद्दल बोलतात, आणि सर्किटमध्ये सेन्सर, दोन तारा, कपलर, अर्थ आणि ईसीएम हे सगळेच आले. शिवाय वर सांगितलेल्या दोन्ही अर्धवट दोषांत कोड पडेलच असे नाही, कारण ५० अंश किंवा ५५ अंश हे आकडे ईसीएमच्या दृष्टीने अगदी शक्य असतात. चेक लाइट नाही म्हणून सर्किट निर्दोष, असे कोणी धरून चालू नये.

आणखी एक सावधगिरी. कोड पडला की अनेक ईसीएम सेन्सरवर विश्वास ठेवणे सोडून देतात, स्वतःजवळचा ठरावीक आकडा धरतात आणि फॅन सतत फिरता ठेवतात. काही गाड्यांत स्कॅनरवर दिसतो तो हा धरलेला आकडाच. मोजलेला कोणता आणि धरलेला कोणता, हे त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेवरून पाहून घ्यावे. तसेच काही गाड्यांत इंजिन तापू लागले की ईसीएम आतला रोध बदलतो आणि व्होल्टेज एकदम वर उडी मारतो. ही त्या गाडीची रचना आहे. ती माहीत नसेल तर चांगल्या सर्किटवर दोषाचा शिक्का बसतो.

तपासणीचा क्रम मी असा ठेवला आहे की आधी बिनखर्चाच्या आणि काही न उघडता करता येणाऱ्या गोष्टी याव्यात. गाडी रात्रभर सावलीत उभी असेल तर सकाळी किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, स्कॅनरवर कुलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान शेजारी शेजारी पाहावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत. मग इंजिन सुरू करून आलेख पाहावा. रेषा सलग वर चढली पाहिजे, थर्मोस्टॅट उघडताना किंचित दबेल, मग ८० ते ९५ अंशांच्या पट्ट्यात स्थिरावेल. पाण्याचे तापमान एका क्षणात वीस अंशांनी उडी मारू शकत नाही. रेषा तशी उडाली तर दोष पाण्यात नाही, तारेत आहे. त्या वेळी वायरिंग हळूच हलवून पाहावे. हात लावताच रेषा थरथरली तर जागा सापडलीच म्हणायची.

पुढची पायरी दोन मिनिटांची आहे आणि तिच्याइतके नेमके उत्तर दुसरी कोणतीही देत नाही. सेन्सरचा कपलर काढा. स्कॅनरवर आकडा उणे ४० वर गेला पाहिजे. मग वायरिंगच्या बाजूच्या दोन पिना छोट्या तारेने जोडा. आकडा १३० किंवा त्याहून वर गेला पाहिजे. दोन्ही झाले तर ईसीएम आणि तारा चांगल्या आहेत, सेन्सरकडे किंवा त्याच्या पिनेकडे लक्ष द्या. कपलर काढूनही आकडा उणे ४० वर जात नसेल, तर सिग्नलची तार कुठेतरी गळते आहे. वरच्या उदाहरणातली १,००० ओहमची गळती असेल तर कपलर काढल्यावर स्कॅनर पंचेचाळीसच्या आसपास थांबेल. पिना जोडूनही आकडा वर जात नसेल, तर वाटेत जादा रोध आहे किंवा तार तुटली आहे. तारेतच ५०० ओहमचा रोध असेल तर आकडा पासष्टच्या आसपास अडकेल. अशा वेळी सिग्नलची पिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून पाहावी. आता आकडा वर गेला तर सिग्नलची तार चांगली आहे आणि दोष अर्थच्या तारेत आहे.

ही चाचणी सुरक्षित आहे, कारण ईसीएममधला रोध प्रवाहाला काही मिलिअँपच्या पुढे जाऊ देत नाही. पण आपण योग्य कपलर हाती घेतला आहे, याची वायरिंगच्या नकाशावरून आधी खात्री करा. काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा असतो आणि त्याच्या तारेवर बॅटरीचा व्होल्टेज असू शकतो.

गंज पिनेच्या टोकाला, सेन्सर आणि कपलर जिथे भेटतात तिथेच असेल, तर कपलर काढताच तो चाचणीतून निसटतो. त्यासाठी सारे जोडलेले ठेवून, इंजिन चालू ठेवून, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक सुई सरकवून मीटरने दोन तारांमधला व्होल्टेज मोजायचा आणि तो इंजिनच्या खऱ्या तापमानाशी ताडून पाहायचा. मग अर्थची वाट तपासायची: मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन सेन्सरच्या अर्थच्या तारेवर. मीटरने ०.०५ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवावे. तिथे पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थची वाट खराब आहे, आणि ही वाट बहुधा इतर सेन्सरांचीही असल्याने तेही चुकत असण्याची शक्यता आहे. वेगवेगळ्या सेन्सरांचे चार कोड एकदम आले तर चार सेन्सर बदलण्याआधी ही एक तार पाहा. तारेचे आवरण मात्र सुईने भोसकू नका. त्या छिद्रातून पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी तिथेच गंज उभा राहतो. बल्बचा टेस्टर या सर्किटला लावू नका. तो जास्त प्रवाह खेचतो आणि त्याच्या उजेडावरून इथे काहीच कळत नाही. रोध मोजायचा तर सर्किट वीजप्रवाहातून मोकळे करूनच मोजायचा.

सेन्सरची स्वतःची परीक्षा शेवटी. तो काढून पाण्याच्या भांड्यात फक्त टोक बुडेल असा धरावा, शेजारी थर्मामीटर ठेवावा, पाणी तापवत जावे आणि दर दहा अंशांना रोध लिहून घ्यावा. आकडे कंपनीच्या तक्त्याशी जुळावेत आणि रोध उडी न मारता सलग उतरावा. थर्मामीटर नसेल तर उकळत्या पाण्याचा एक पक्का आकडा मिळतो, पण तो गावागणिक बदलतो. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते, पुण्यात सुमारे ९८ अंशांना आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना. सेन्सर काढण्यासाठी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. दाबाखालचे कुलंट १०० अंशांच्या वरही उकळत नाही, पण गरम इंजिनचे झाकण उघडताच ते उसळून हात-तोंड भाजते. घाईत झालेल्या या जखमा आयुष्यभर राहतात.

सेन्सर खरे बोलत असण्याची शक्यताही विसरू नये. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर पाणी खरोखरच तापत नाही, सेन्सर ते प्रामाणिकपणे सांगतो, आणि पी०१२८ हा कोड पडतो. कुलंट कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर सेन्सरचे टोक पाण्याऐवजी हवेत लटकते आणि आकडा खालीवर नाचतो. म्हणून बाहेरून स्वतंत्र मोजमाप हवे. इन्फ्रारेड थर्मामीटर त्यासाठी चांगला, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरला की भरवशाचा आकडा मिळतो.

आपल्या राज्यात या सर्किटला त्रास देणाऱ्या गोष्टी जागोजागी वेगळ्या आहेत. किनारपट्टीवर खारी, दमट हवा पिनांना हिरवा गंज चढवते. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि तारा कुरतडतात. बोअरचे जड पाणी कुलंटऐवजी वर्षानुवर्षे भरले की सेन्सरच्या टोकावर क्षारांचा थर बसतो आणि तो तापमान उशिरा सांगू लागतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात फॅन थोडा उशिरा लागला तरी सिग्नलला उभी गाडी तापते. इंजिन धुताना कपलरवर मारलेला पाण्याचा जोरदार फवारा सगळीकडेच दोष पेरून जातो. मुंबई-पुण्यात सीएनजी गाड्या भरपूर आहेत. बाहेरून किट बसवताना मूळ वायरिंग सोलून जोड दिलेले असतात, आणि त्या जोडांवर नुसती चिकटपट्टी असेल तर तिथून सुरुवात करणे शहाणपणाचे. २०० बार दाबाचा गॅस रिड्यूसरमध्ये पसरताना थंड होतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनचे गरम पाणी लागते आणि किटचा स्वतःचा तापमान सेन्सर असतो. तक्रार गॅसवरच येते की पेट्रोलवरही, हा प्रश्न त्यामुळे आधी विचारायचा. डिझेल गाडीत हाच आकडा हीटर प्लग किती वेळ पेटवायचे आणि थंड इंजिनला किती डिझेल द्यायचे हे ठरवतो. सकाळचा पांढरा धूर पाहून थेट नोझलकडे जाण्याआधी इथे एकदा पाहावे.

हे पुस्तक मी आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडमधल्या मुलामुलींसाठी आणि स्वतःचे छोटे गॅरेज चालवणाऱ्यांसाठी लिहिले आहे. ओहमचा नियम पुन्हा पहिल्यापासून समजावला आहे, कारण तो पाठ असणे आणि कपलर हातात असताना तो आठवणे यांत फरक आहे. सुरुवातीची प्रकरणे चांगल्या सर्किटची आहेत. चांगल्या गाडीवर मोजलेले आकडे ज्याच्या वहीत नाहीत, त्याला खराब गाडीवरचे आकडे काही सांगत नाहीत. नंतरची प्रकरणे दोषांची, आणि प्रत्येकाच्या शेवटी सरावाची उदाहरणे आहेत. साधने फार लागत नाहीत: एक बरा डिजिटल मल्टिमीटर, चालू आकडे दाखवणारा साधा स्कॅनर, मागून सरकवायच्या सुया, आणि अडीच हजार व ३३० ओहमचे दोन रेझिस्टर. हे रेझिस्टर सेन्सरच्या जागी लावले की ईसीएमने अनुक्रमे २० आणि ८० अंशांच्या आसपास आकडा दाखवायला हवा. तक्त्याप्रमाणे गाडीला योग्य ते रेझिस्टर निवडले तर काही रुपयांच्या या तुकड्यांवर ईसीएमची पक्की परीक्षा होते.

गाडीवाला आपल्याकडे येतो तेव्हा त्याला बॉनेटखालचे काही कळत नसते. तो भरवसा टाकून जातो. मोजमाप न करता बदललेला भाग त्या भरवशाचा अपमान आहे, आणि तो भाग योगायोगाने बरोबर निघाला तरी मेकॅनिकला त्यातून काही शिकायला मिळत नाही. मोजून शोधलेला दोष मात्र कायमचा आपला होतो, आणि पुढच्या वेळी तो निम्म्या वेळात सापडतो. म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच आहे: मोजलेला प्रत्येक आकडा जॉब कार्डवर लिहा, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा. तो ग्राहकाला दाखवा. आणि ज्या दिवशी कपलर साफ करूनच गाडी बरी होईल, त्या दिवशी न टाकलेल्या सेन्सरचे पैसे घेऊ नका, पण दोष शोधण्याच्या कामाचे पैसे ताठ मानेने मागा. खरी कारागिरी त्या कामातच आहे.